अर्थिंगला पाणी

पाणी शून्य अंशाला गोठतं असं आपण शाळेत शिकतो. मी स्वतः सातवीच्या मुलांना ते दरवर्षी शिकवते. ते पुरतं खरं नाही. स्वच्छ पाण्याला कोणी धक्का लावला नाही, तर ते शून्याच्या खाली चार-पाच अंश जाऊनही पाणीच राहतं. गोठायला त्याला नुसती थंडी पुरत नाही, कुठून तरी सुरुवात व्हावी लागते. धुळीचा एखादा कण, भांड्यावरचा ओरखडा, टेबलाला लागलेला कोणाचा तरी गुडघा. तेवढ्याने एक स्फटिक तयार होतो आणि मग बघता बघता सगळं पाणी त्याच्या मागे रांगेत उभं राहतं.

'अचल' नावाचा फ्रिज एवढ्याशा गोष्टीवर बेतलेला आहे. त्याच्या भिंतींमधलं चुंबकक्षेत्र सारखी दिशा बदलत राहतं आणि पाण्याच्या रेणूंना रांग लावू देत नाही. रांग नाही तर स्फटिक नाही. स्फटिक नाही तर भाजीच्या पेशी फाटत नाहीत, आणि त्या थंडीत जंतूही हलत नाहीत. वर्षापूर्वी ठेवलेली आमटी काढली तर आत्ता चुलीवरून उतरवल्यासारखी लागते. साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मात्र इथे चालत नाही, कारण तो थरथरतो आणि थरथर म्हणजेच सुरुवात. म्हणून अचलमध्ये एका मिश्रधातूच्या चकत्या आहेत. चुंबकाजवळ आल्या की त्या तापतात, दूर गेल्या की गार होतात, आणि ती उष्णता पाणी वाहून नेतं. त्यामुळे या फ्रिजला विजेइतकंच पाण्याचं कनेक्शन लागतं. एक नळी आत, एक बाहेर.

जळगावसारख्या, मे महिन्यात पंचेचाळीस अंश बघणाऱ्या गावात अशी वस्तू आल्यावर आणखी काय हवं? दोन-तीन वर्षांत आमच्या कॉलनीत घरोघरी अचल आले. आणि माहितीपुस्तिकेत न लिहिलेल्या दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे स्वयंपाकघरं शांत झाली. खलबत्ता मागच्या अंगणात गेला, मिक्सर गच्चीच्या जिन्यात. ओट्याजवळ पळायची मुलांना बंदी झाली. फ्रिजचं दार लावताना माणसं अशी वाकू लागली, जशी पाळण्यात झोपलेलं मूल ठेवताना वाकतात. दुसरी गोष्ट, वाट्या फिरायच्या थांबल्या. पूर्वी कोणाकडे भाजी जास्त झाली की ती झाकणाखालून शेजारी जायची आणि वाटी परत येताना रिकामी यायची नाही. आता जास्त झालेलं घरातच राहू लागलं. कधीही काढा, ताजंच.

आईने अचल घेतला नाही. "माझा गुरगुरतो तेच बरं," म्हणायची. "दुपारी घरात कोणीतरी आहे असं वाटतं. आणि सगळं टिकायलाच लागलं तर शेजारी काय निमित्ताने जाऊ?"

फेब्रुवारीत आई गेली. मे महिन्यात, मी सुट्टीत घरी आले त्याच आठवड्यात, तिच्या फ्रिजचं गुरगुरणं आधी घरघर झालं आणि मग मंद होत गेलं. मी फ्रीझर उघडला. आत श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरीत होतं. हंगामातली शेवटची वांगी आई जानेवारीत तुराट्यांच्या जाळावर भाजायची, त्यांचा गर ठेचून गोठवून ठेवायची आणि मी आले की काढायची. डब्याच्या कडेचं बर्फ सुटायला लागलं होतं.

मी त्याच दुपारी अचल मागवला. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्यासाठी भिंतीजवळची जागा रिकामी केली. मला ते भरीत खायचं नव्हतं. ते घरात असायला हवं होतं.

*

फ्रिज त्याच संध्याकाळी आला आणि उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसवायला सना तडवी आली. यावलची पोर, पाठीवर हत्यारांची पिशवी आणि तोंडाचा पट्टा सुरू. तोवर जुन्या फ्रिजने मान टाकली होती आणि भरताचा डबा मी बर्फाच्या बादलीत ठेवला होता.

सनाने आधी फरशीवर पाणसळ ठेवली, आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत फ्रिजचे पाय फिरवले. आण्णा तिच्यामागे उभे.

"काका, तुम्ही वीज मंडळात होता ना?"

"कशावरून?"

"लोक खिशाला पेन लावतात. तुम्ही टेस्टर लावलाय."

आण्णा खुलले. आई गेल्यापासून त्यांच्याशी कोणी कामाचं बोललं नव्हतं. "एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही हं," ते म्हणाले. "याला वेगळा पॉइंट. सोळा अँपिअरचा. आणि गळती झाली की स्वतःहून पडणारा स्विच."

"मी तेच सांगणार होते."

"मी आधी सांगितलं."

"बरं, तुम्ही आधी. आता सरका, वीतभर जागा सोडायचीय मागे. यालाही श्वास लागतो."

मग पाणी. सिंकखालच्या नळाला तिने तोटी बसवली, तिच्यापुढे गाळणी, तिच्यापुढे एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व, म्हणजे यंत्रातलं पाणी घरच्या पिण्याच्या नळात परत शिरायला नको. नळी हाताने आवळली आणि पान्याने जेमतेम एक पाव फेरा दिला.

"एवढंच?" आण्णांनी विचारलं.

"जास्त आवळलं की वॉशर फाटतं. मग तुम्ही लग्नाला गेलेले असता आणि घरात पोहायचा तलाव."

शेवटी तिने नळीवर मुठीएवढं एक पोकळ भांडं बसवलं. कोणी दुसरा नळ झटक्यात बंद केला की पाइपात ठक्क आवाज होतो, तो धक्का त्या भांड्यातल्या हवेने गिळायचा. दुसरी नळी तिने भिंतीतून न्हाणीघरात नेली.

"यातून गरम पाणी येईल. आंघोळीला घ्या."

आण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरचं डांबर चमकत होतं. "जळगावात? मे महिन्यात? गरम पाणी?"

"कंपनी बंगळुरूची आहे काका. त्यांना काय माहीत!"

मी हसले. मग लक्षात आलं, या घरात मोठ्याने हसल्याला बरेच दिवस झाले होते.

सनाने नव्या प्लगमध्ये तिचं छोटं मीटर खोचलं आणि तिचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं.

"अडतीस," ती म्हणाली.

"काय अडतीस?"

"अर्थिंग. पाच ओहमच्या आत पाहिजे."

"अशक्य!" आण्णांचा आवाज चढला. "हे अर्थिंग मी स्वतः केलंय. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, सगळं. तुझं मीटर बिघडलंय."

ते आत गेले आणि कपाटावरून त्यांचं जुनं, दांडा फिरवायचं मीटर घेऊन आले. वायरी जोडल्या, दांडा गरगर फिरवला, चष्मा सरकवून काटा पाहिला. मग पुन्हा फिरवला.

"किती?" सनाने विचारलं.

"एकोणचाळीस."

"तुमचं तर माझ्यापेक्षा तिखट बोलतंय!"

अर्थिंगची गोष्ट अशी. यंत्रात कुठे वीज गळली तर तिला जमिनीत जायला सोपी वाट हवी. ती वाट म्हणजे अंगणातल्या खड्ड्यात पुरलेली पट्टी. पण वीज मातीतून जाते ती ओलीच्या आधाराने. माती कोरडी पडली की वाट बंद, आणि मग ओल्या हाताने फ्रिजचं दार धरणारा माणूस हीच वाट. साध्या फ्रिजलाही हे लागू आहे. पाणी आणि वीज एकाच पोटात घेऊन बसलेल्या यंत्राला जास्तच. काटा पाचच्या खाली आल्याशिवाय अचल सुरूच होत नाही, तसं कुलूपच आहे त्याला.

आम्ही तिघं मागच्या अंगणात गेलो. आण्णांनी खड्ड्यावरचं लोखंडी झाकण उचललं. आतली माती तडकली होती. खड्ड्याच्या कडेने आईने लावलेल्या पुदिन्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"पाणी कोण घालतं याला?" सनाने विचारलं.

आण्णा त्या काड्यांकडे पाहत राहिले. नोकरीभर ते लोकांना हेच सांगत फिरले. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घाला. शाळेत भाषण दिलं होतं, लग्नाच्या पंगतीत सांगायचे, आईच्या माहेरी तर जावई आले की आधी झाकण उघडून ठेवायचे. आणि आई रोज तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी घेऊन मागच्या दाराने जायची.

"मला वाटायचं," आण्णा हळूच म्हणाले, "ती पुदिन्याला पाणी घालते."



"या घरात कधी कोणाला झटका बसला नाही, मृणू," ते म्हणाले. "त्याचं श्रेय मी घेत होतो." आणि ते हसू लागले. आधी बारीक, मग खांदे हलवून, मग झाकण हातातच धरून. याआधी मी त्यांना असं हसताना पाहिलं होतं ते आईने त्यांना पत्त्यांत हरवल्यावरच. मलाही हसू आलं. आमच्याकडे बघून सनालाही.

"चला," ती म्हणाली, "नव्या नळीचं पहिलं पाणी वाहू द्यायचंच असतं. बादली आणा."

नळीतून बादल्या भरल्या आणि आण्णांनी त्या खड्ड्यात ओतल्या. माती चर्र आवाज करत प्यायली. मग आण्णा घरात गेले आणि मिठाची अख्खी बरणी आणून त्यात रिकामी केली.

"संध्याकाळपर्यंत मुरू द्या," सना म्हणाली. "मी थांबते. या उन्हात मी तरी कुठे जाऊ?"

*

भरताला मात्र संध्याकाळपर्यंत थांबता येणार नव्हतं. बादलीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. मी डबा उचलला आणि कुंपणाच्या फाटकातून शेजारी कल्पनाकाकूंकडे गेले. त्यांच्याकडे अचल होता. एक दिवसापुरता तिथे ठेवायचा आणि आमचा सुरू झाल्यावर आणायचा.

कल्पनाकाकू वारके म्हणजे आईची जिवाची मैत्रीण, आणि एके काळी सगळ्या गल्लीत मोठा आवाज त्यांचाच. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून स्वयंपाकघरात नेलं.

"कोणी झोपलंय का?" मी विचारलं.

"नाही गं," त्या कुजबुजल्या. "फ्रिज."

"तो सुरू असताना बोलायचंही नाही?"

"बोलायचं, पण बेतानं. परवा माझ्या हातून ताकात पळी पडली आणि सगळ्या ताकाचं बर्फ झालं. तुझे काका दोन दिवस ताकासाठी रुसले होते."

त्यांनी दार उघडलं, दोन्ही हातांनी, श्वास रोखून. आत ओळीने डबे होते. वरच्या खणात एकटाच एक स्टीलचा डबा. त्यावर कोरलेलं आईचं नाव मी वाचलं. ज्योत्स्ना ली. भंगाळे.

काकूंनी माझी नजर पाहिली.

"मागच्या वर्षीचा आमरस आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईने पाठवला होता. तेव्हा आमच्याकडेही रस होता, म्हणून म्हटलं, ठेवू. टिकतोच आहे. मग ती गेली आणि..." त्या थांबल्या. "उघडवत नाही गं. आणि तिचा डबा रिकामा परत कसा देऊ?"

"त्यात काहीतरी घालून द्यायचं."

"घालायला आधी रिकामा व्हायला नको?"

त्यांनी तो डबा जरा सरकवून माझ्या डब्यापुरती जागा केली. त्या खणात आईचे दोन्ही डबे शेजारी राहिले असते. आमरस आणि भरीत. पुढच्या मे महिन्यात तसेच. त्याच्या पुढच्याही. मला हेच हवं होतं आणि ते आता अगदी हाताच्या अंतरावर होतं. आम्ही दोघी त्या उघड्या दारासमोर मान खाली घालून उभ्या होतो, हळू आवाजात बोलत होतो. फेब्रुवारीत लोक आमच्या घरी येऊन असेच उभे राहत होते आणि असेच बोलत होते.

माझ्या हातातल्या डब्याला बाहेरून पाणी सुटलं होतं. झाकणाच्या फटीतून जाळावर भाजलेल्या वांग्याचा वास आला. धुराचा, गोडसर. त्या फ्रिजमधल्या एकाही डब्याला वास नव्हता.

"काकू," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. काकू दचकून फ्रिजकडे बघू लागल्या. "कळण्याचं पीठ आहे घरात?"

"आहे."

"मग पुऱ्या लाटायच्या का? आणि हा आमरस आणा. आज जेवायला आमच्याकडे."

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी आईचा डबा बाहेर काढला, पदराने पुसला आणि पोटाशी धरला.

*

फाटकातून येताना काकूंचा धक्का लागला आणि लोखंडी फाटक त्यांच्यामागे धाडकन आपटलं. डब्यातून आवाज आला, पापड मोडल्यासारखा. काकू जागीच थांबल्या. झाकण उघडलं तर सगळ्या रसाचं केशरी बर्फ झालं होतं, सुयांसुयांचं, वरपर्यंत.

"गेलं!" काकूंचे डोळे भरले. "वर्षभर जपलं आणि शेवटी माझ्याच हातून..."

सनाने डोकावून पाहिलं, बोटाने एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"काकू, गेलं कुठे? कुल्फी झालीय!"

काकूंनी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग डब्याकडे, मग एक तुकडा स्वतः घेतला. "माय माय," त्या म्हणाल्या. "वेलची तिच्या हातची आहे." आणि रडता रडताच दुसरा तुकडा उचलला.

शाळेत मी हे सांगते आणि मुलं विश्वास ठेवत नाहीत. पाणी गोठतं तेव्हा ते उष्णता बाहेर टाकतं. असा थांबवून ठेवलेला रस एकदम गोठला की डबा आणखी गार होत नाही, उलट थोडा उबदार होतो. हाताला कळणार नाही इतकाच.

मग आमच्या स्वयंपाकघरात फार गोंगाट झाला. काकूंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटल्या, मी तळल्या, आण्णा लसूण सोलत बसले. सनाने नव्या फ्रिजच्या अगदी शेजारी फरशीवर खलबत्ता मांडून मिरच्या ठेचल्या. "आत्ताच काय ते ठोकून घ्या," ती म्हणत होती, "एकदा हे साहेब सुरू झाले की बंदी." काकूंना त्या आवाजाचा इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या हातून बत्ता घेतला आणि उगाचच शेंगदाणे कुटले. पोळपाटावर लाटणं आपटत त्यांनी गल्लीतल्या दोन भांडणांची आणि एका जमलेल्या लग्नाची बातमी दिली, आणि ती बहुधा पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेली.

फोडणी दिलेलं भरीत ताटात पडलं. आण्णांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

काकूंचा हात थांबला. माझाही. आईच्या भरताबद्दल आण्णा हे एकच वाक्य बोलत आले होते, दर हिवाळ्यात, आणि आई दरवेळी मिठाची वाटी त्यांच्यापुढे आदळायची.

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "मीठ तुम्हीच खड्ड्यात घातलंत. घरात चिमूटभर नाही."

आण्णांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. आम्ही तसंच, अळणी, सगळं खाल्लं. धूर अजून त्यात होता. वर आमरसाचं बर्फ चमच्याने खरवडून खाल्लं. शेवटी सनाने श्रीखंडाच्या डब्याच्या कडा बोटाने पुसून घेतल्या.

"ताई, आणखी आहे का?"

"नाही. आईच्या हातचं हे शेवटचं होतं."

ती ओशाळली. "मग आधी सांगायचं ना! मी तीन पुऱ्या जास्त हाणल्या."

"म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हटलं.

*

ऊन उतरल्यावर आण्णांनी पुन्हा वायरी जोडल्या. दांडा फिरवला. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या.

"साडेचार!" ते ओरडले, जणू शेवटच्या चेंडूवर चौकार बसला होता. काकूंनी टाळ्या वाजवल्या. सनाने तिचंही मीटर लावून खात्री केली, गळतीच्या स्विचचं बटण दाबून तो पडतो का ते पाहिलं, सांध्यांना कोरडा कागद लावून कुठे थेंब येतो का ते बघितलं, आणि मग फ्रिज सुरू केला.

काहीच झालं नाही. एक हिरवा दिवा लागला, बस. आण्णांनी दाराला कान लावला.

"सुरू आहे हा?"

"आहे काका. ऐकू नाही येणार."

"हं," आण्णा म्हणाले. त्यांना ते फारसं पटलं नाही. त्यांनी आत पाण्याची एक बाटली ठेवली. दुसरं ठेवायला घरात काही उरलंच नव्हतं. जाताना सना म्हणाली, "पुदिन्याच्या काड्या उपटू नका. मुळं बऱ्याचदा जिवंत असतात."

सकाळी मला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. आण्णा स्वयंपाकघरात होते. त्यांना चहा आणि खिचडी एवढंच येतं आणि त्यांनी भरपूर खिचडी केली होती, दोघांना दोन दिवस पुरेल इतकी. आईचा स्टीलचा डबा घासून ओट्यावर पालथा घातला होता. तांदळाच्या धुवणाचं पातेलं दोन्ही हातांत धरून ते मागच्या दाराकडे निघाले होते. वाटेत फ्रिजचं दार उघडं दिसलं. त्यांनी ते कोपराने ढकललं. धाड्कन.

आत बाटलीतल्या पाण्याचा कडकड आवाज झाला.

"आण्णा, अहो, हळू!" मी म्हटलं.

"होऊ दे बर्फ. उन्हाळा आहे," ते अंगणातून म्हणाले. मग पाणी ओतल्याचा आवाज आला. ते बराच वेळ ओतत होते, थोडं थोडं, काड्यांच्या मुळाशीही. "आणि ती खिचडी डब्यात भर, मृणू. कल्पनाकडे नेऊन दे. जरा खाली लागलीय आणि अळणी आहे, सांग तिला."

"फ्रिजमध्ये ठेवू का? त्या उठल्या की देईन."

"नको, नको," आण्णा म्हणाले. "आत्ताच जा. गरम आहे तोवर."